सिस्टरची तपकिरीची डबी

परवा नातवाच्या वाढदिवसाला आलेल्या एका बाईंनी मला अर्धा तास कसल्याशा पावडरीचं माहात्म्य ऐकवलं. दोन चमचे पाण्यातून घ्यायची. मग गुडघे दुखायचे थांबतात, केस गळायचे थांबतात, झोप शांत लागते. त्या बोलत होत्या आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. म्हातारीचं लक्ष नाही, असं त्यांना वाटलं असेल. लक्ष पुरेपूर होतं. कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडावं, कोऱ्या बाजूला हे सगळं लिहावं, खाली त्या बाईंचं नाव टाकावं आणि चिठ्ठी एका पत्र्याच्या डब्यात टाकावी, असं मला फार फार वाटत होतं. पण तो डबा नाही आणि ज्यांचा होता त्याही नाहीत. पन्नास वर्षं झाली त्याला.

सगळं मिरजगाव त्यांना सिस्टर म्हणायचं. एका मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्सची नोकरी करून, नवरा वारल्यावर त्या त्याच्या गावी येऊन राहिल्या होत्या. निळ्या काठाची पांढरी साडी, पायात पुरुषी चपला आणि कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली एक बारकी पितळी बांगडी. त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू म्हणून आले ते बहात्तरच्या जूनमध्ये. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, नवरा तिकडे श्रीरामपूरकडे साखर कारखान्यात, आणि कडेवर दीड वर्षाची नलू.

मी ट्रंक खाली ठेवतेय तोवर सिस्टरनी नलूचा हात धरला आणि ती बांगडी तिच्या मनगटातून वर सरकवली. बांगडी कोपरापाशी जराशी अडखळली आणि दंडावर जाऊन बसली.

"चढली," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, कौतुक चाललंय. मी म्हटलं, "हो, छान दिसतेय."

"छान कशाची? चढाया नको. येवढ्या पोराच्या कोपरावरनं ही बांगडी वर गेली म्हंजी पोर उपाशी हाय."

माझ्या पोरीला उपाशी म्हणणारी ही कोण, या रागानं मी ट्रंक उघडली आणि नलूच्या ताकदीच्या पावडरीचा डबाच काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्या काळी कुठल्याही पगारदार घराच्या फळीवर तसला डबा दर्शनी ठेवलेला असायचा. त्यावर गुबगुबीत गालांच्या बाळाचं चित्र होतं. नवरा दर महिन्याला नगरहून तो डबा आणायचा आणि त्यापायी आम्ही दोघं बिनसाखरेचा चहा प्यायचो. महागाची वस्तू जपून वापरायची, हे आमच्या घरचं वळण. म्हणून मी एक लहान चमचा पावडर मोठा पेलाभर कोमट पाण्यात ढवळून सकाळ-दुपार-संध्याकाळ नलूला पाजायचे. गोड पाण्यानं पोट भरलं की पोरगी भाकरी बघून तोंड फिरवायची. मी म्हणायचे, राहू दे, डब्यात सगळं आहेच.

सिस्टरनी चष्मा लावला, डबा उजेडात धरला आणि चारी बाजूंनी वाचून काढला. मग म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात ताकद लिवलीय. बारीक अक्षरात लिवलंय, दुधातनं द्या आनि वर पोटभर जेवन द्या. मास्तरीन हायस ना तू? बारीक अक्षर कोन वाचनार?"

मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हते. म्हटलं, "या डब्यानं पोर भरतं, हे सगळे डॉक्टर सांगतात."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा जुना कागद घेतला, त्याच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं, 'डब्याने पोर भरते - मास्तरीण', कागदाची घडी केली आणि बिस्किटांच्या एका मोठ्या चौकोनी डब्यात टाकली.

"म्हणजे तुम्हाला हे खोटं वाटतं?"

"खोटं कोन म्हनलं? ऐकलं, लिवलं. आता बघू."

हे त्यांचं खूळ. खाण्यापिण्याबद्दल कोणी काही छातीठोकपणे सांगितलं, की सिस्टर ते लिहून घ्यायच्या, सांगणाऱ्याच्या नावानिशी. ती चिठ्ठी मोठ्या डब्यात जायची. तो ऐकलेल्याचा डबा. नंतर स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ते खरं की खोटं हे पडताळलं, तरच ती चिठ्ठी तिथून उठून दुसरीकडे जायची. ते दुसरं ठिकाण म्हणजे त्यांच्या नवऱ्याची तपकिरीची डबी. डबी मुठीत मावेल एवढी होती आणि तीही कधी भरली नव्हती. आत तपकिरीचा वास इतका मुरलेला, की झाकण उघडलं की सिस्टरना शिंक यायचीच. घरातून सलग दोन शिंका ऐकू आल्या, की मी समजायचे, गावातल्या एखाद्या गोष्टीचं खरंखोटं ठरलं.

मोठा डबा मात्र ओसंडून वाहत असायचा. उन्हाळ्यात अंडं खाल्लं तर अंगावर उठतं. केळ्यानं सर्दी होते. लाल इंजेक्शनानं रक्त वाढतं, पांढऱ्यानं वाढत नाही. गरोदर बाईनं पोट मोठं होईल म्हणून कमी जेवावं. ही शेवटची चिठ्ठी त्या कोणालाही दाखवताना दात-ओठ खायच्या. आठवडी बाजारात एक माणूस यायचा, पैलवानाचा फोटो टांगून शक्तीच्या गोळ्या विकायला. सिस्टर गर्दीत पुढे जाऊन उभ्या राहायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "दादा, ह्या पैलवानाला गोळीबिगर काय काय खायाला हुतं?" तो आधी हसायचा. मग दूध म्हणायचा, बदाम म्हणायचा, मटण म्हणायचा. "बरं," म्हणून सिस्टर सगळं लिहून घ्यायच्या. दोन-तीन बाजारांनंतर त्यानं आपली जागा बदलली.

स्वतः मात्र त्या रोज सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या चावून खायच्या आणि डोळ्यांत पाणी आणायच्या. मी एकदा पकडलंच. म्हटलं, "हे कुठल्या डब्यात?"

"कुठल्याच न्हाई. ही माझी खोड हाय. खोडीला डबा नसतो."

सहा महिने मी त्यांचं ऐकलं नाही. नवरा म्हणायचा, जुन्या जमान्याची नर्स ती, तिला नव्या औषधांतलं काय कळतंय. मलाही ते सोयीचं होतं. पण नलू दोन वर्षांची झाली तरी उभं राहायला भिंत धरायची. शाळेतून आले की ती उंबऱ्यात बसलेली असायची आणि मला बघून नुसते हात वर करायची. शेजारणीची तिच्याहून लहान पोरं अंगणात पळत असायची. शेवटी एक दिवस मीच सिस्टरपुढे जाऊन बसले.

दुष्काळ तेव्हा ऐन भरात होता. गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं होतं आणि तिथं मजुरांना सुकडी वाटायचे. सिस्टर रोज तिकडे जाऊन, बाभळीखाली निजवलेल्या पोरांच्या हातात बांगडी घालून बघायच्या. तिथली सुकडी चाखून त्यांनी तशीच घरी केली. गव्हाचं पीठ तेलात खमंग भाजलं, गूळ घातला, शेंगदाण्याचं कूट घातलं आणि वड्या थापल्या. म्हणाल्या, "एक महिना डबा बंद. त्याच्या जागी ही वडी, आनि वरनं डाळीत कुस्करून भाकरी. थोडी थोडी, पन पाच येळा. महिन्यानं बांगडी सांगंल."

नलू वडी चाटूनपुसून खायला लागली. आठ दिवसांत भाकरीकडेही बघायला लागली. आणि महिन्यानं बांगडी तिच्या कोपरापाशी आली ती तिथंच थांबली. सिस्टरनी दोनदा सरकवून पाहिली. मग आत गेल्या आणि दोन शिंका ऐकू आल्या.

खडीच्या कामावर त्यांनी ही गोष्ट चार बायकांना सांगितली. मास्तरणीनं डबा बंद केला, वडी सुरू केली, आणि बघा. ते मला शेजारच्या गयाबाईकडून कळलं. गया स्वतः खडी फोडायला जायची, आणि तिची जीभ हातोड्याहून जोरात चालायची. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागेना. कारण मी डबा बंद केलाच नव्हता. वडीनं भागलं नाही तर, या भीतीनं महिनाभर मी दार लावून नलूला चमचा-चमचा पावडर चारत होते.

सिस्टर ओसरीवर डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. त्या रागावतील, मला घर सोडायला सांगतील, असं वाटलं होतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, तपकिरीची डबी आणली, शिंका देत माझी चिठ्ठी काढली आणि परत मोठ्या डब्यात टाकली.

"पोरीचं चांगलं झालं, त्ये झालंच. त्येचं मला लई बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "पन कशानं झालं, हे आता मला कळायचं कसं? मी चार बायांना सांगून बसले."

आणि त्या उठून चपला घालू लागल्या. मी विचारलं, कुठं निघालात?

"चार घरी. मला म्हाईत न्हाई म्हनून सांगाया."

भर दुपारच्या उन्हात त्या चारही घरी गेल्या. मी ओसरीवर बसून त्यांची पांढरी साडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बघत राहिले. मला इतकी लाज आयुष्यात आणखी फक्त एकदाच वाटली आहे, आणि तीही त्यांच्यामुळेच.

त्याच संध्याकाळी डबा मी त्यांच्या कपाटात कुलपात ठेवायला दिला. पुन्हा एक महिना. या खेपेला डबा नाही, लपूनछपून काही नाही. मला रोज धाकधूक वाटायची. पण नलूनं एके दिवशी भिंत सोडली आणि अंगणातल्या कोंबडीमागे चार पावलं टाकून ती मातीत बसली. मी रडायला लागले. सिस्टर बांगडी घेऊन आल्या. बांगडी कोपरापर्यंतही आली नाही. त्यांनी माझ्या त्या चिठ्ठीवर खाली आणखी काही लिहिलं आणि मगच ती डबीत टाकली. मी वाचून पाहिलं. 'डब्याविना भरली. एका पोरीचे पाहिले.'

"एका पोरीचं कशाला लिहिलंत?"

"येकीचंच पाह्यलंय. जास्त कशी लिवू?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत खडीच्या कामावर एक आवई उठली. सुकडीत औषध मिसळतात आणि ती खाल्ली की बाईला पोर होत नाही. झालं, तरण्या बायका सुकडी शेळ्यांपुढे टाकायला लागल्या आणि रिकाम्या पोटी खडी फोडायला लागल्या. दोघी चक्कर येऊन पडल्या. सिस्टरनी सगळ्यांसमोर उभं राहून मूठभर सुकडी खाल्ली. रोज खाल्ली. मीही शाळा सुटल्यावर बघायला गेले होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी गया म्हणाली, "शिस्टर, तुमचं काय जातंय? तुमची साठी आली. तुमी पोतं खाल्लं तरी आमाला काय कळनार?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला वाटलं, सिस्टर चिडणार. पण त्या म्हणाल्या, "बरोबर हाय तुझं, गया. माझ्यावर तपासून उपेग न्हाई." लगेच पिशवीतून कागद काढून त्यांनी ती आवई लिहूनही घेतली, गयाच्या नावानं. आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी चोवीस वर्षांची होते. खोटं बोलून एकदा त्यांची पायपीट करवली होती, त्याची फेड करायची संधी समोर आली होती. मी म्हटलं, "मी खाते."

"आनि मालक येत्यात न्हवं पंधरा दिसांनी?" गयानं विचारलं. आता सगळ्याच हसल्या, मीही हसले.

पुढे दोन महिने मी रोज शाळा सुटल्यावर खडीच्या ढिगावर बसून, सगळ्यांना दिसेल अशी सुकडी खायचे. हळूहळू एक-दोघी माझ्याबरोबर खायला लागल्या. मे महिन्यात टँकरच्या रांगेत मला मळमळलं आणि मी घागर टाकून कडेला गेले. गया मागोमाग आली, माझं तोंड बघितलं आणि घागर तिथंच सोडून कामाकडे पळत सुटली. माझ्या नवऱ्याला बातमी कळायच्या आत ती खडी फोडणाऱ्या सगळ्या बायकांना कळली होती. त्या दिवशी सुकडी कमी पडली म्हणे. आणि घरात सिस्टर शिंकत होत्या. माझ्या मुलाची या जगातली पहिली नोंद अशी तपकिरीच्या डबीत झाली.

जूनमध्ये माझी बदली श्रीरामपूरकडे झाली. मीच अर्ज केला होता, पण निघायच्या दिवशी पाय उचलेना. सिस्टर एसटी स्टँडवर आल्या. नलू त्यांचं बोट धरून स्वतःच्या पायांनी चालत आली. गाडी यायला वेळ होता. मी त्यांचे हात धरले आणि म्हटलं, "दर दिवाळीच्या सुट्टीत नलूला घेऊन येणार. तुमची बांगडी तिच्या मनगटातही जाणार नाही, बघाल तुम्ही."

त्यांनी पिशवीतून कॅलेंडरचा कागद काढला, गुडघ्यावर ठेवून लिहिला आणि घडी घातली.

मी रडता रडता हसले. "ही कुठल्या डब्यात?"

"मोठ्या. तू बोललीस, मी ऐकलं." माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "खोटं न्हाई म्हनत मी, मास्तरीन. बघायचं राह्यलंय, येवढंच."

पहिल्या दिवाळीला मला आठवा महिना होता. मुलगा झाल्यावर मी पत्र टाकलं. उलट टपाली कॅलेंडरच्या कागदावर उत्तर आलं, 'वजन लिहिले नाहीस. कळवणे. तू पोटभर जेवणे.' वजन कळवायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवाळीला सासूबाई आजारी होत्या. तिसऱ्या दिवाळीला काहीही कारण नव्हतं. फराळ करायचा होता, पाहुणे यायचे होते, आणि सिस्टर काय, मिरजगावातच आहेत, कुठं जातात, असं मला वाटलं.

चौथ्या दिवाळीला मी गेले. नलू सहा वर्षांची झाली होती, तिला नवा परकर घातला होता. पिशवीत सिस्टरसाठी शेंगदाण्याचे लाडू होते. घराला कुलूप होतं. शेजारून गया हात पुसत बाहेर आली, मला ओळखून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "शिस्टर श्रावनात गेल्या, बाई."

तिनं मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. नुसता ताप आला होता, चार दिवसांत सगळं आटोपलं, असं ती सांगत होती. मी डब्यांचं विचारलं. घर रिकामं करायला कोणी पुतण्या आला होता, त्यानं सगळे कागद चुलीत घातले. तपकिरीची डबी त्यानं खिशात टाकली. गयानं कमरेचा पदर बाजूला केला. तिथं ती पितळी बांगडी सुतळीनं बांधलेली होती. "येवढी मी मागून घेतली," ती म्हणाली. "गल्लीतल्या पोरांची बघत असती मी. त्यांनी शिकवल्यालं."

तिनं नलूचा हात घेतला आणि बांगडी घालायला गेली. ती बोटांच्या पेरांशीच अडकली. तिनं जरा जोर लावून पाहिला, मग सोडून दिला.

"न्हाई जात," गया म्हणाली. "हे त्यांनी बघायला पायजे हुतं. दर दिवाळीला शाळंला सुट्टी लागली, की रोज नगरच्या यस्टीच्या टायमाला स्टँडवर जाऊन बसायच्या. बाकावर, पिशवी मांडीवर घिऊन. शेवटची गाडी गेली की घरी यायच्या. मला बघवंना. मी म्हनलं, शिस्टर, कशापायी त्या मास्तरनीची वाट बघताय? ती काय येत न्हाई आता."

मला विचारवत नव्हतं, तरी विचारलं. "मग काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, वाट न्हाई बघत, गया. तपासतीय."